वायच सरक

आमच्या घरात दिवसाकाठी सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारा शब्द म्हणजे 'सरक'. आजी मालवणीत म्हणायची, "वायच सरक गो बाय," म्हणजे जरा सरक. आई "सरक रे" म्हणत हातातलं गरम पातेलं पुढे करायची. बाबा काही बोलायचे नाहीत, गुडघ्याने हलकेच ढोसायचे. सरकायचं कुठे, हे कुणी विचारलं नाही. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कॉटचा पाय, मध्ये भावाचा खांदा. तरीही वीतभर जागा निघायचीच.

आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतले. १९२० च्या दशकात त्या वेळच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ इमारती बांधल्या, त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. खाली तळमजला, वर तीन मजले. एका मजल्यावर समोरासमोर वीस खोल्या, मधून लांबलचक काळोखी पॅसेज, संडास सगळ्यांचे मिळून. खोली १६० चौरस फुटांची. त्यात आम्ही आजी, आई, बाबा, काका, दादा, मी, धाकटा आणि कणकवलीकडून नोकरी शोधायला आलेले आईचे दोन चुलतभाऊ, असे नऊ जण. माणशी अठरा चौरस फूटही येत नव्हते. ते दोन मामा 'चार दिवसांसाठी' म्हणून आले आणि एक सहा वर्षं राहिला, दुसरा नऊ. त्यांना जा असं कुणी म्हटलं नाही. पुढे दोघांनी आपापली बिऱ्हाडं केली तेव्हा त्यांच्या जागेवर गावाहून तिसरा आला.

झोपायच्या जागा ठरलेल्या होत्या. कॉटवर आजी. कॉटखाली दादा आणि मी, डोकी आत, पाय बाहेर. धाकटा आईच्या कुशीत, चुलीच्या ओट्याला लागून. मामा लोक वर्षातले आठ महिने जांबोरी मैदानात किंवा गच्चीवर, पावसाळ्यात पॅसेजमध्ये. गिरणीत दिवसपाळी असली की बाबा दाराशी झोपायचे, पाय पोटाशी घेऊन. काकाची दुसरी पाळी मध्यरात्री सुटायची. तो आला की काळोखात त्याच्या पायाला काही लागू नये, म्हणून बाबा कधी पाय पसरत नसत. उंच माणूस. पाच फूट दहा इंच. तरी रात्री मी त्यांना घरात सरळ झोपलेलं पाहिलेलं नाही.

मराठीत बसायची ती जागा, राहायची ती जागा आणि झोपला नाही तोही जागाच. मुंबईत घराला तर जागाच म्हणतात. "जागा कुठे घेतलीत?" शब्दांची व्युत्पत्ती मला कळत नाही, ते एक आहेत की वेगळे, ते जाणकारांनी सांगावं. आमच्या खोलीत मात्र ते एकच होते. काकाला जागा हवी म्हणून आई जागी असायची. तो आला की उठून ताट वाढायची, त्याचं जेवण होईपर्यंत भिंतीला टेकून पेंगायची, मग खरकटं काढून त्याच्या अंथरुणापुरती जमीन पुसून घ्यायची. काका तिचा धाकटा दीर. तिच्या लग्नात तो दहा वर्षांचा होता.

प्रेमाचा विषय निघाला की मला सगळ्यात आधी वातीचा स्टोव्ह आठवतो.

घरात दोन स्टोव्ह होते. एक पितळी, पंपाचा. तो पेटला की भर्रर्र असा आवाज सुरू व्हायचा, अख्ख्या पॅसेजला कळायचं की अमक्यांकडे चहा ठेवलाय. भात त्यावर वीस मिनिटांत व्हायचा. दुसरा वातीचा, पत्र्याचा, हिरव्या रंगाचा. त्याला आवाज अजिबात नाही. पण आच मंद, भाताला पाऊण तास, आणि वाती वरखाली झाल्या की भांड्याला काजळी. शहाणी बाई पंपाचाच स्टोव्ह वापरेल. आईही वापरायची, बाबांची रात्रपाळी नसेल तेव्हा.

रात्रपाळीच्या आठवड्यात बाबा सकाळी सव्वासातला यायचे. केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर कापसाचे तंतू. मोरीत अंघोळ, चहा, भाकरी, आणि साडेआठच्या सुमारास आजी उठून त्यांना कॉट मोकळी करून द्यायची. आई खिडकीवर जुनं लुगडं लावायची. तिथून दोन वाजेपर्यंत आमची खोली मुकी व्हायची. आम्ही पॅसेजमध्ये दिव्याखाली अभ्यासाला बसायचो. आत काही हवं असलं तर खुणा. पाण्यासाठी अंगठा तोंडाशी, पैशासाठी दोन बोटं चोळून दाखवायची. आजी जप करायची तोही ओठ न हलवता.

आणि आई वातीच्या स्टोव्हवर स्वयंपाक करायची. पातेल्यावर झाकण ठेवताना मध्ये फडक्याची घडी, म्हणजे कडा वाजू नये. आमचं जेवण वाटपाचं. ओलं खोबरं, मिरच्या, धणे पाट्यावर वाटल्याशिवाय आमटीला चव नाही. पण वरवंट्याचा आवाज कोण करणार? ती सगळं ताटलीत घेऊन पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला जायची. तिथल्या काकूंचा पाटा वापरायची आणि वाटण मुठीएवढ्या गोळ्यात परत आणायची. डाळ शिजायची, भाजी शिजायची. फोडणी मात्र ती देत नसे. मोहरी तडतडली की बाबांची झोप मोडायची. डाळ, बिनफोडणीची, झाकून वाट पाहत राहायची. आम्ही मुलं शाळेत जाताना तशीच खाऊन जायचो. दोन वाजता बाबा उठून बसले, की आई पंपाचा स्टोव्ह पेटवून पळीत तेल तापवायची. चर्र आवाज व्हायचा आणि खोलीचा आवाज परत यायचा.

बाबांना कितीतरी वर्षं वाटत होतं की आमच्याकडे जेवण दोन वाजताच होतं.

हे सांगितलं की लोक म्हणतात, "किती सोसलं तुमच्या आईने." सोसलं, खरंच आहे, त्याबद्दल पुढे बोलणारच आहे. पण त्या साडेपाच तासांत आईच्या चेहऱ्यावर सोसल्याचा भाव नसायचा. तिची एक वेगळीच एकाग्रता असायची, तान्ह्या मुलाला टाळू भरताना असते तशी. थकून झोपलेल्या माणसाची झोप तिने हातावर धरून ठेवली होती. 'मी तुझ्यासाठी हे करते' असं त्याला कळवायचंही तिच्या मनात नव्हतं, कारण कळवायचं म्हणजे त्याला उठवायचं.

एवढ्याशा खोलीत दुसऱ्याला जागा द्यायची आणखी एक रीत होती. पाठ फिरवायची. बाईमाणूस मोरीतून ओल्या साडीत आली की बाकीच्यांची तोंडं आपोआप भिंतीकडे. कुणी रडत असेल तर सगळ्यांना एकदम काहीतरी काम आठवायचं. दर रविवारी दुपारी चारला आजी काठी घ्यायची आणि म्हणायची, "चला रे पोरांनू, वायच फिरान येवया." आम्हा तिघांना घेऊन ती जांबोरी मैदानावर जायची. मामांना मूगडाळ नाहीतर साबणवडी आणायला पिटाळायची, काकाला मित्रांकडे. बरोबर दीड तासाने आम्हाला परत आणायची. जिन्याच्या तळाशी आली की दोन-तीनदा मोठ्याने खोकायची. तिला खोकला कधीच नव्हता. मला हे कळायला माझं स्वतःचं लग्न व्हावं लागलं. बोरिवलीच्या घरात एका रविवारी दुपारी भांडी घासताना मला आजीचा तो खोकला एकदम ऐकू आला. नळ तसाच चालू ठेवून मी कितीतरी वेळ उभी राहिले. सत्तरी ओलांडलेली, अंगठा उठवणारी, नऊवारीतली ती विधवा बाई. आपल्या मुला-सुनेला आठवड्यातून दीड तास मिळावा म्हणून दुखऱ्या गुडघ्यांनी तीन मजले उतरत होती आणि चढत होती.

चाळीचंही असंच होतं. लग्नाआधी मी आणि 'हे' वरळी सी फेसच्या कठड्यावर बसायचो. तिथे संध्याकाळी जोडपी ओळीने समुद्राकडे तोंड करून बसलेली असतात, शहराकडे पाठ. मुंबईत दोन माणसांना एकांत मिळतो तो असा, हजार माणसांच्या मधोमध, सगळ्यांनी न बघायचं ठरवलं म्हणून. एकदा आमच्या मजल्यावरचे एक काका समोरून आले. अगदी दोन हातांवर. त्यांनी मला पाहिलं, पाहिल्याचं मला दिसलं. ते थांबले, समुद्राकडे वळले, हात मागे बांधून भरती पाहत थोडा वेळ उभे राहिले आणि उलट्या दिशेने निघून गेले. चाळीत एक अक्षर कुणाला बोलले नाहीत. माझ्या लग्नात अक्षता टाकताना मात्र ते रडले.

संपाबद्दल फार लिहीत नाही. गिरणगावातल्या प्रत्येक घराने तो आपापल्या परीने सांगितला आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले, आणि तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. मी बारा वर्षांची होते. मला आठवतं ते इतकंच, की बाबांना दिवसा घरात जागा उरली नाही. आईने खानावळ सुरू केली. आधी तीन मेंबर, मग सात. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांना बँकेकडून कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं होतं. शेजारच्या काकूंनी आईला तिथे नेलं, कर्जातून मोठी पातेली आली. मेंबर जेवायला बसले की खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. बाबा सकाळी सातला पाळीच्याच वेळी बाहेर पडायचे, डबा घेऊन, आणि मैदानाच्या कडेला बसून राहायचे. दुपारची पंगत उठली की दादा जाऊन त्यांना सांगून यायचा. बायकोच्या कामाला जागा करून देणारा तो बेकार माणूस कधी तिच्यावर चिडला नाही, हे मी त्या वर्षांच्या जमेच्या बाजूला लिहिते. पुढे ते एका सोसायटीत वॉचमन झाले. पुन्हा रात्रपाळी, पुन्हा वातीचा स्टोव्ह.

१९९४ मध्ये लग्न होऊन मी बोरिवलीला गेले. वन रूम किचन, सासू, सासरे, आम्ही दोघं. नव्या घरात कुठे उभं राहावं हेच कळत नव्हतं. ओट्याशी उभी राहिले तर सासूबाईंच्या वाटेत, खिडकीशी राहिले तर सासऱ्यांच्या पेपरावर सावली. चौथ्या की पाचव्या दिवशी सासूबाईंनी भिंतीतल्या कपाटाचा मधला कप्पा रिकामा करायला घेतला. लोणच्याच्या तीन चिनी मातीच्या बरण्या, साखरेचा डबा, पितळी डब्यात जपून ठेवलेला गोडा मसाला. एकेक वस्तू खालच्या कप्प्यात गेली. तो आधीच भरलेला होता, म्हणून दोन बरण्या पलंगाखाली गेल्या. मग त्यांनी तो कप्पा ओल्या फडक्याने पुसला, वर्तमानपत्र कात्रीने मापात कापून अंथरलं आणि म्हणाल्या, "हा तुझा. काय ठेवायचं ते ठेव. मी बघणार नाही."

'मी बघणार नाही' या तीन शब्दांवर मी तीस वर्षं त्या घरात नांदले. आमचे खटके उडाले. मीठ, मुलाचं दूध, माझी नोकरी, माझ्या माहेरच्या फेऱ्या, सगळ्यावरून उडाले. पण तो कप्पा त्यांनी एकदाही उघडला नाही. पहिल्या दिवशी मी त्यात आईने दिलेली मालवणी मसाल्याची बाटली ठेवली होती, एवढ्या मोठ्या कप्प्यात एकटीच. महिन्याभराने एका शुक्रवारी त्याच म्हणाल्या, "तुमचा तो मसाला घालून एकदा उसळ कर की."

त्या वर्षांत मी चर्चगेटला नोकरी करत होते. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली अशी लेडीज स्पेशल सुरू केली होती. तिच्यात माझी अर्धी उमर गेली. तीन जणींच्या बाकावर चौथी बसते, हे मुंबईबाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. कायद्याने ती जागा नाही. कुणी फक्त म्हणतं, "जरा सरकता का?" आणि तिघी श्वास आत घेतल्यासारख्या सरकतात. सातव्या महिन्यात असताना एका अनोळखी बाईने मला खिडकी दिली आणि स्वतः चौथ्या जागेवर अर्धी टेकून अंधेरीपर्यंत आली. उतरताना नावसुद्धा विचारलं नाही. घरातली माया आणि ही, दोन्हींचं मूळ एकच असावं असं मला वाटतं. जागा नाही हे दोघींनाही माहीत असतं.

आता आईबद्दल.

नऊ माणसांच्या झोपायच्या जागा मी वर सांगितल्या. त्यात आईची जागा धाकट्याला धरून सांगितली, ती मुद्दाम. तिची अशी वेगळी जागाच नव्हती. सगळ्यांचं अंथरूण घालून झालं की जे उरेल ते तिचं. सरकणं हीच जर माया, तर ती एकाच माणसाच्या वाट्याला का यावी, हा प्रश्न आम्ही कुणी केला नाही. आम्हाला ती तशीच दिसत होती, मोरी दिसते तशी, ओटा दिसतो तसा. तिचं पोट दुखायचं तेही तिने असंच बाजूला सरकवलं होतं. वर्षभर. मी दर रविवारी माहेरी जात होते, तिच्या हातचं खाऊन येत होते. तिच्या ताटात अन्न तसंच उरतं हे माझ्या लक्षात आलं नाही. त्याचा दोष मी कुणावर टाकत नाही. तो माझा आहे आणि माझ्याकडेच राहील.

रुग्णालयात तिला कॉट मिळाली. आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खी कॉट तिच्या एकटीची. मी आत गेले तेव्हा ती त्या कॉटच्या पार कडेला, भिंतीला चिकटून झोपली होती. दोन तृतीयांश गादी मोकळी. मला वाटलं, दुखत असेल म्हणून. मी जवळ गेले तशी ती आणखी थोडी सरकली आणि हाताने गादी थोपटून म्हणाली, "बस."

संध्याकाळी भेटायच्या वेळेत बाबा आले. तेही उभेच. तिने पुन्हा सरकायला अंग उचललं. बाबांनी तिचा खांदा धरला. चार माणसांत तिला हात लावताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आणि त्यांनी गावच्या बोलीत म्हटलं, "जन्मभर सरकतच रवलंस. आता पसर वायच."

आई आधी हसली. मग तिने तोंडावर पदर घेतला आणि रडली, आवाज न करता, वातीच्या स्टोव्हसारखी. त्या रात्री ती पाय पसरून झोपली, असं शेजारच्या कॉटवरच्या बाईने मला सकाळी आपणहून सांगितलं. सतरा दिवसांनी ती गेली.

पुढे कितीतरी दिवस मला बाबांच्या त्या वाक्याचा रागच यायचा. इतका उशीर? चाळीस वर्षं दिसत होतं, तर चाळीस वर्षं का नाही म्हणालात? आता वाटतं, उशिरा का होईना, म्हणाले तरी. कारण तेच वाक्य ऐकायला दुसरा एक माणूस आमच्याच घरात ताटकळत होता, आणि ते आम्हाला कुणाला कळलं नव्हतं.

माझा दादा. त्याचं लग्न १९९१ मध्ये झालं, संसार माळ्यावर. २००० मध्ये धाकट्याचं लग्न ठरलं तेव्हा एका रात्री जेवताना दादा म्हणाला, "मी नालासोपाऱ्याला खोली बघितलीय." कुणी त्याला जा म्हटलं नव्हतं. सगळ्यांना हायसं वाटलं आणि सगळ्यांनी ते लपवलं. पुढची पंचवीस वर्षं तो विरार लोकलने लोअर परळला येत-जात राहिला. सकाळी चढायला मिळावं म्हणून कधी कधी उलटा विरारला जाऊन तीच गाडी पकडायचा. गणपतीला चाळीत यायचा तेव्हा पाहुण्यासारखा दाराशी चपला काढायचा.

चाळींचा पुनर्विकास सुरू झाला आणि १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर मिळणार हे पक्कं झालं. त्याबरोबर घराघरांत एकच प्रश्न उभा राहिला, तो आमच्याकडेही आला. बाबांच्या पाठीमागे घर कुणाचं? धाकटा बाबांजवळ राहत होता, त्यांचं सगळं तो आणि त्याची बायको करत होते. सगळ्यांनी धरलंच होतं की त्याचं. बैठकीत दादा एवढंच म्हणाला, "आणि माझं काय?" धाकट्याचा चेहरा पडला. त्याची बायको उठून आत गेली. मलाही, कबूल करते, दादाचा राग आला. वरळीतल्या जागेचा भाव सगळ्यांना माहीत होता. मला वाटलं, पैशाने माणूस बदलतो तो असा. दोन महिने दोघे भाऊ बोलले नाहीत.

मग एकदा वहिनीचा फोन आला. ती आवाज चढवणारी बाई नाही. म्हणाली, "ताई, त्यांना पैसे नकोत असं मी म्हणणार नाही, पैसे सगळ्यांना हवे असतात. पण ते रात्री झोपेत काय बरळतात माहिती आहे? 'मी गेलो म्हणून झालं.' पंचवीस वर्षांत एकाने तरी त्यांना विचारलं का, की बाबा रे, तुला गाडीत उभं राहायला तरी मिळतं का?"

मला बाबांचं रुग्णालयातलं वाक्य आठवलं. दादालाही कुणीतरी 'तू सरकलास' एवढं म्हणायला हवं होतं. आमच्यात सगळे सरकायचे, म्हणून कुणी कुणाला ते बोलून दाखवत नसे. सरकलेल्या माणसाची जागा लगेच भरून जाते आणि तो तिथे होता याची खूणही राहत नाही. जिवाभावाच्या माणसांत कसला आलाय हिशोब, असं म्हणणारे लोक मला पटत नाहीत. बहुतेक वेळा तसं म्हणणाऱ्याच्या पदरात जागा आलेली असते. हिशोब व्हावा, नीट, कागदावर व्हावा, आणि त्याआधी ज्याने सोडलं त्याचं नाव घेतलं जावं.

मी बाबांकडे गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. नंतरच्या रविवारी त्यांनी दोन्ही मुलांना समोर बसवलं आणि धाकट्याकडे बघत म्हणाले, "तुझा संसार उभा रवलो तो ह्याच्या जागेर." धाकटा मान खाली घालून बसला होता. तो उठला आणि दादाच्या पाया पडला. दादाने त्याला वर ओढलं तेव्हा दोघांनाही बोलता येत नव्हतं. पैशांचं मग ठरलं. धाकटा दर वर्षी काही रक्कम देणार, घर त्याचं. ते सगळं तासाभरात आटपलं.

वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या १४ ऑगस्ट २०२५ ला दिल्या गेल्या. आमचं घर त्यातलंच. चाळीस मजली इमारत, लिफ्ट, दोन बेडरूम, प्रत्येक खोलीला दार. दार ही गोष्ट माझ्या भाच्यांना जितकी साधी वाटते तितकी मला वाटत नाही. माझा मुलगा बोरिवलीत स्वतःच्या खोलीचं दार लावून घ्यायला लागला तेव्हा मला आधी फार लागलं होतं. मग सासूबाईंचा कप्पा आठवला. तेव्हापासून मी टकटक करते, आणि त्याने 'ये' म्हणेपर्यंत बाहेर उभी राहते.

नव्या घरातल्या पहिल्या काही रात्री मी बाबांच्या सोबतीला होते. पंच्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांच्यासाठी धाकट्याने मोठा पलंग आणलाय, खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसते. मध्यरात्री मला जाग आली तर पलंग रिकामा. ते खाली, दाराशी, चटईवर झोपले होते. पाय पोटाशी. मी जवळ बसले. "बाबा, पाय सरळ करा. कुणी यायचं नाहीये आता." त्यांनी डोळे न उघडता पाय सरळ केले, लहान मुलासारखे. मी पांघरूण घातलं. थोड्या वेळाने पाहिलं तर पाय पुन्हा वर आले होते. काकाला जाऊन अकरा वर्षं झाली.

मी त्यांना पुन्हा हलवलं नाही. माझी चटई आणली आणि भिंतीकडून थोडी जागा सोडून त्यांच्या शेजारी आडवी झाले.

पहाटे कधीतरी त्यांना गाढ झोप लागली. साडेनऊ वाजले तरी उठले नव्हते. मी हळूच स्वयंपाकघरात आले. भावजयीने कुकरमध्ये डाळ-तांदूळ काढून ठेवले होते. तीन शिट्ट्या झाल्या की झालं. मी कुकर परत कपाटात ठेवला, डाळ पातेल्यात काढली, पाणी घातलं आणि गॅस बारीक केला. झाकणाखाली फडक्याची घडी घातली. भाचा चहाला आला, म्हणाला, "आत्या, असं केलं तर तासभर लागेल." मी तोंडावर बोट ठेवलं आणि खोलीकडे खूण केली. तो पाऊल न वाजवता परत गेला.

डाळ आता शिजलीय. फोडणीचं तेवढं बाकी ठेवलंय. बाबा उठले की देईन.